बोटावरचा धीर सुटला

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला टॅटूवरचा लेख वाचला. पानभर फोटो, माणसाच्या शरीराचं चित्र काढून त्यावर कुठे किती दुखतं ते लाल-पिवळ्या ठिपक्यांनी दाखवलेलं, कुठल्या डिझाइनचा काय अर्थ, सध्या काय ट्रेंडमध्ये आहे, सगळं होतं. वाचायला मजा आली, खोटं कशाला बोलू. पण बोटावरच्या, मनगटावरच्या आणि कानामागच्या नाजूक टॅटूंचं जे कौतुक त्यात केलंय ते वाचताना माझी नजर माझ्याच डाव्या हाताकडे गेली आणि म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. कारण त्या अख्ख्या पानावर एक गोष्ट कुठेच नव्हती, की हाच टॅटू दहा वर्षांनी कसा दिसेल, आणि ते तो अंगावर कुठे काढलाय यावर किती अवलंबून असतं. फोटो सगळे ताजे, म्हणजे काढून तासभरही झाला नसेल असे, कडेची कातडी अजून लाल दिसतीये. लग्नाच्या अल्बमवरून संसार कसा चाललाय ते सांगण्यातला प्रकार झाला हा.

मी आर्टिस्ट नाही आणि डॉक्टरही नाही. पण माझ्या अंगावर एक प्रयोग पंधरा वर्षं चालू आहे, ठरवून केलेला नाही, आपोआप झालेला. पंधरा वर्षांपूर्वी एकाच दिवशी, एकाच माणसाकडून, एकाच काळ्या शाईनं मी दोन टॅटू काढून घेतले. एक उजव्या खांद्यामागे, पाठीच्या त्या पसरट हाडावर, छोटीशी चिमणी, नुसत्या बारीक रेघांची. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीच्या कडेला, अंगठ्याच्या बाजूनं, 'धीर' हा एक शब्द. तेव्हा आयुष्यात जरा ओढाताणीचे दिवस होते, म्हटलं सारखा डोळ्यासमोर राहील. आर्टिस्ट सुई लावायच्या आधी म्हणाला होता, "ताई, बोटावर टच-अप लागत राहील हां." मी चालेल म्हटलं. मला वाटलं टच-अप म्हणजे लिपस्टिकसारखं काहीतरी असेल, अधूनमधून जरा हात फिरवायचा.

आज त्या चिमणीच्या पायाची बोटं मोजता येतात. परवा तुमचा लेख वाचल्यावर नवऱ्याला मुद्दाम चष्मा लावून मोजायला बसवलं, पुढची तीन आणि मागचं एक, दोन्ही पायांची. काळा रंग थोडा निळसर-राखाडी झालाय, रेघ किंचित जाड झालीय, पण चिमणी चिमणीच आहे. आणि बोटावर? पहिल्या आठ महिन्यांत र चा पाय गेला. मग टच-अप केला. तिसऱ्या वर्षी वेलांटीच्या उभ्या रेघेचा खालचा भाग फिका पडून नुसती वरची कमान उरल्यासारखं दिसायला लागलं, पुन्हा टच-अप. प्रत्येक वेळी रेघ जराशी जाड झाली, कारण जुनी शाई पसरलेली होतीच आणि तिच्यावर नवी बसली. शेवटी ध च्या डोक्यावरचा तो छोटा आकडा फुगून शिरोरेघेला चिकटला आणि ध चा झाला घ. आता माझ्या बोटावर 'घीर' असं लिहिलेलं आहे. घीर म्हणजे काय असं विचारणाऱ्यांना मी सांगते की धीर होता, सुटला.

हसू येतं, पण हे का झालं ते समजून घ्यायला मला बरीच वर्षं लागली, आणि जे समजलं ते त्या दुखण्याच्या नकाशाशेजारी चार ओळीत छापलं असतं तर कितीतरी पोरापोरींचं भलं झालं असतं.

आपली कातडी म्हणजे एक कापड नाही. वरचा थर सतत गळत असतो आणि खालून नवा येत असतो, साधारण महिना-दीड महिन्यात वरचा थर अख्खा बदललेला असतो. शाई त्या वरच्या थरात राहिली तर ती त्याच्याबरोबर गळून जाणार. म्हणून सुई त्याच्या खालच्या थरात जावी लागते, साधारण 1 ते 2 मिलिमीटर खोल. तिथे गेल्यावर शरीराला वाटतं काहीतरी परकं घुसलंय, आणि परक्या गोष्टी गिळून टाकणाऱ्या पेशी येऊन शाईचे कण गिळतात. पण ते कण त्यांना पचत नाहीत. मग त्या पेशी शाई पोटात घेऊन तिथेच बसून राहतात आणि आपल्याला बाहेरून जे दिसतं ते हेच, गिळलेली पण न पचलेली शाई. 2018 साली फ्रान्समधल्या मार्सेलच्या संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर टॅटू काढून बघितलं तर असं दिसलं की या पेशी मेल्या की शाई बाहेर पडते आणि नव्या आलेल्या पेशी ती पुन्हा गिळतात. म्हणजे टॅटू हा डाग नाहीच, हातातून हातात जाणारी वस्तू आहे. हे वाचल्यापासून मला माझी चिमणी वेगळीच वाटायला लागली, पंधरा वर्षं कोणीतरी ती न सांडता पुढे देत आलंय. काही कण मात्र निसटतात, काही जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत वाहून जातात, काही शेजारी सरकतात, म्हणून प्रत्येक टॅटू थोडा फिका आणि थोडा पसरट होतोच, कुठेही काढा. प्रश्न किती आणि किती लवकर एवढाच.

आणि तो प्रश्न जागेचा आहे. कातडी सगळीकडे सारखी नसते हे आपण विसरतो. पापणीवर वरचा थर 0.05 मिलिमीटर इतका पातळ असतो आणि तळहात-तळपायाला 1.5 मिलिमीटरपर्यंत जाड. म्हणजे तळहातावर सुई नेहमीच्या खोलीपर्यंत गेली तरी वरच्या थरातच अडकायची शक्यता, तो थर गळला की शाई गेली. बरं म्हणून आर्टिस्टनं जरा जोर लावला तर ती खाली चरबीत उतरते आणि रेघेच्या कडेनं निळसर ढगासारखी पसरते, याला ते लोक ब्लोआउट म्हणतात. हलक्या हातानं केलं तर टिकत नाही आणि जोरात केलं तर फुटतं, मधली जागा फार थोडी.

आता तुमचं बोट उजेडात आडवं धरून बघा. पंजाच्या मागच्या बाजूची कातडी पातळ, तिच्यावर बारीक केस, सुरकुत्या. तळहाताच्या बाजूची जाड, गुळगुळीत, ठशांच्या रेघा असलेली. आणि बोटाच्या कडेला कुठेतरी एक सीमा असते, जिथे ठशांच्या रेघा संपतात. माझा 'धीर' बरोब्बर त्या सीमेवर आहे. अक्षरांचा खालचा अर्धा भाग, जो तळहाताच्या बाजूला होता, तो गळला, म्हणून र चा पाय गेला. वरचा अर्धा भाग, जो पातळ कातडीवर होता, तो पसरला, म्हणून ध चा घ झाला. एका शब्दात दोन आजार. त्यात पहिले दोन-तीन आठवडे जखम भरत असताना हाताला विश्रांती द्यायची असते, पण हाताला कोण विश्रांती देतं, भांडी आहेत, कीबोर्ड आहे, कुलूप-किल्ली आहे, खपली धरायच्या आधीच निघाली. लोक म्हणतात हात धुवून धुवून टॅटू गेला, तसं नसतं, एकदा नीट खाली बसलेली शाई साबणानं जात नाही. ती नीट बसतच नाही, हा खरा घोळ आहे.

आणि अक्षरांचं म्हणाल तर आपल्या देवनागरीची एक वेगळीच गंमत आहे, ती इंग्रजी अक्षरांच्या डिझाइनांवरून शिकलेल्या आर्टिस्टच्या लक्षात येतेच असं नाही. आपल्याकडे एवढ्याशा रेघेत अख्खं अक्षर बदलतं. ब च्या पोटातली तिरकी रेघ पसरली की आत नुसता काळा गोळा उरतो, ती फिकी पडली की व होतो. भ ची गाठ शिरोरेघेला टेकली की म. ष ची आतली रेघ गेली की प. अनुस्वार हा ठिपका, तो पसरून पसरून शिरोरेघेत मिसळला की 'संत' चा 'सत' झाला. रोमन लिपीतलं एखादं मोठं अक्षर थोडं फुगलं तरी वाचता येतं, आपल्या जोडाक्षराला तेवढी सूट नाही. म्हणून मराठीत काही लिहून घ्यायचं असेल तर अक्षर मोठं आणि जागा सपाट, यात तडजोड करू नका असं मी तरी म्हणेन.

ऊन हा दुसरा मोठा विषय, आणि यातला माझा पुरावा म्हणजे माझा धाकटा दीर. (धीर नव्हे, दीर, तो शाबूत आहे.) त्याच्या उजव्या हातावर मनगट ते कोपर असा वेढा घातलेला रंगीत मासा आहे, नऊ-दहा वर्षांपूर्वीचा. मासा एकच, पण त्याचं वय दोन ठिकाणी वेगळं आहे. हाताच्या वरच्या बाजूला, जिथे ऊन पडतं, तिथे खवल्यांचा पिवळा जवळजवळ गेलाच, नारंगी विटक्या विटेसारखा झालाय, काळी रेघ तेवढी उरलीये. हात उलटा केला की आतल्या बाजूला तीच खवली, तीच शाई, आणि पिवळा अजून पिवळा. दुपारभर वाळत घातलेल्या चादरीची घडी उघडल्यावर आतला आणि बाहेरचा रंग वेगळा दिसतो ना, तसं. त्याला आधी वाटायचं आर्टिस्टनं वरच्या बाजूला हलका माल वापरला. हात समोरासमोर उलटसुलट करून दाखवल्यावर गप्प बसला.

उन्हातले अतिनील किरण कातडीत उतरून रंगाच्या कणांचे तुकडे करतात, आणि तुकडे लहान झाले की शरीराला ते वाहून नेणं सोपं जातं. काळी शाई बहुतेक करून कार्बनची म्हणजे काजळीचीच असते, ती दमदार. पिवळा, पांढरा, फिकट गुलाबी वगैरे रंग आधी दम टाकतात. आणि गाडीत बसलोय, काच लावलीये, म्हणजे सुटलो असंही नाही. 2012 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका 69 वर्षांच्या ट्रकवाल्याचा फोटो छापून आला होता, 28 वर्षं ट्रक चालवलेला माणूस, खिडकीच्या बाजूचा डावा गाल सुरकुत्यांनी लोंबलेला आणि उजवा त्या मानानं तरुण. काच अतिनील किरणांतला एक प्रकार अडवते पण दुसरा आत सोडते, आणि कातडीला म्हातारं करणारा मुख्यतः तो दुसराच. चेहऱ्याचं हे होत असेल तर खिडकीकडच्या दंडावरच्या टॅटूनं काय घोडं मारलंय.

तर पंजाची मागची बाजू, मान, चेहरा, हाताची वरची बाजू, उघड्या चपलेतलं पाऊल, या सगळ्या उन्हाच्या जागा. तिथे टॅटू काढूच नये असं मी म्हणत नाही, पण मग जखम पूर्ण भरल्यावर सनस्क्रीन रोज, कंटाळा न करता, किमान एसपीएफ 30 चं, आणि रंगापेक्षा काळ्यावर भर. रोज सनस्क्रीन लावणारी माणसं मी फार कमी बघितली आहेत, मी स्वतः त्यात नाही.

मग वळणाच्या जागा. कोपर, गुडघा, मनगटाची घडी, मानेची घडी, काख. दिवसातून किती वेळा आपण कोपर वाकवतो ते मोजायची सोय नाही. कोपराच्या टोकावरची कातडी जाड आणि सैल, हात सरळ केला की तिच्या वळ्या पडतात, तिथे गोल काढला तर हात वाकवल्यावर गोल आणि सरळ केल्यावर चेपलेला डबा. आतल्या बाजूला, म्हणजे रक्त काढायला टोचतात तिथे, उलटं, कातडी पातळ म्हणून शाई फुटायची भीती आणि घडीवर रेघ तुटायची पण. मनगट तर फसवं. दिसायला सपाट, गोरंगोमटं, डिझाइनसाठी केलेलंच वाटतं, पण तळहाताजवळ दोन-तीन आडव्या घड्या असतात, त्यांच्यावर आलेली रेघ दोन-चार वर्षांत अडखळायला लागते, त्यात घड्याळाचा पट्टा. घडीपासून दोन बोटं वर सरका, गोष्ट बदलते. एवढं साधं आहे ते, दोन बोटं.

पायाच्या पावलावर बूट-मोजे घासतात, टाचेच्या कडेला तर विचारूच नका. ओठाच्या आतल्या बाजूला काढून घेणारेही असतात, तिथली कातडी इतक्या भराभर बदलते की तो टॅटू काही वर्षांचाच पाहुणा, हे त्यांना माहीत असेल तर ठीक.

वजनाचं मात्र लोक उगाच जास्त घाबरतात. पाच-सात किलो इकडेतिकडे झाल्यानं दंडावरचं किंवा पाठीवरचं चित्र बिघडत नाही, कातडी सगळीकडून सारखी ताणली तर चित्र पण सारखंच ताणतं. अडचण होते ती जिथे थोड्या काळात खूप ताण येतो आणि कातडीला आतून चिरा पडतात तिथे, म्हणजे पोट, कंबरेच्या बाजू, मांडीचा वरचा भाग, जिमवाल्यांच्या खांद्याची काखेकडची बाजू. गरोदरपणात पोटावरचं फूल किती फुलतं आणि नंतर त्याच्या पाकळ्यांमधून पांढऱ्या रेघा कशा जातात ते माझ्या एका मैत्रिणीकडे बघितलंय. ती स्वतः त्यावर हसते आणि म्हणते फुलाला देठ फुटले. पण ज्यांना मूल हवंय त्यांनी पोट जरा थांबवून ठेवावं, एवढंच.

आता चांगल्या जागा कुठल्या तर ज्या कंटाळवाण्या आहेत त्या. दंडाची बाहेरची बाजू, पाठीचा वरचा भाग, मांडीची बाहेरची बाजू, पोटरी, हाताची आतली बाजू पण मनगट आणि कोपर सोडून मधली. कातडी मध्यम जाड, घड्या नाहीत, घासाघीस कमी, बहुतेक वेळा कपड्याखाली. बरगड्या पण यातच धरायला हरकत नाही, आणि इथे तुमच्या त्या ठिपक्यांच्या नकाशाची गंमत बघा. बरगडीवर लाल ठिपका होता, सगळ्यात जास्त दुखणारी जागा म्हणून, आणि ते खरंच आहे, हाडावर सुई आणि वर श्वास घेताना छाती हलते. पण एकदा झालं की ती सावलीतली जागा, वर्षानुवर्षं नीट राहते. बोटावरही लालच ठिपका होता. म्हणजे दोन्हीकडे बोंब सारखीच मारायची, पण एकीकडे ती एक दुपार आणि दुसरीकडे दर दोन-तीन वर्षांनी परत. दुखणं तासाभराचं असतं हो, त्याचा नकाशा छापून लोकांना जागा निवडायला लावणं म्हणजे घर घेताना नुसतं सामान वर चढवायला किती जिने आहेत ते बघण्यासारखं आहे.

माझ्या आत्याच्या छातीवर तीन ठिपके आहेत. कॅन्सरवर रेडिएशन घेताना मशीन रोज त्याच जागी लागावं म्हणून टोचून काढलेले, टाचणीच्या डोक्याएवढे. तिनं हौसेनं काढलेले नाहीत, त्यांना ती टॅटू म्हणतही नाही. पण इतकी वर्षं झाली, जिथे होते तिथे आहेत, तेवढेच आहेत. सावलीतली सपाट जागा आणि नुसता काळा ठिपका, याच्यापुढे बिघडायला काही उरतच नाही.

आणि सगळ्यात जुनं उदाहरण द्यायचं तर ओट्झी. 1991 मध्ये इटली-ऑस्ट्रियाच्या सीमेवर आल्प्सच्या बर्फात सापडलेला, 5 हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा माणूस. त्याच्या अंगावर 61 टॅटू मोजले गेलेत, सगळे काजळीचे, साध्या रेघा आणि फुल्या. कंबरेच्या वर, पोटऱ्यांवर, घोट्यांपाशी, गुडघ्यावर, मनगटावर. आता तो बर्फात पडून होता म्हणून टिकला, हे मान्य, त्याची आणि माझी तुलना नको. पण जाड काळी रेघ आणि मध्ये मोकळी जागा, हा हिशोब त्याला टॅटू काढून देणाऱ्यानं बरोबर केला होता. केसाएवढ्या रेघांचं गुलाबाचं फूल त्यानं काढलं असतं तर शास्त्रज्ञांनी काय ओळखलं असतं कोण जाणे.

कोणी म्हणेल एवढं वाईट दिसतंय तर बोटावरचा काढून टाक की लेझरनं. गेले होते विचारायला. तिथे कळलं की लेझरमध्येही जागा मध्ये येतेच. लेझर शाईचे तुकडे करतं, ते तुकडे वाहून न्यायचं काम शरीरानं करायचं असतं, आणि जिथे रक्ताचा आणि लसिकेचा प्रवाह चांगला तिथे ते लवकर होतं. 2009 साली त्वचातज्ज्ञांनी किती सीटिंग लागतील याचा अंदाज बांधायला एक गुणांची पद्धत काढली, कर्बी-देसाई स्केल म्हणतात तिला. त्यात डोकं आणि मानेला 1 गुण, छाती आणि पाठीच्या वरच्या भागाला 2, खालच्या भागाला 3, दंड-मांडीला 4, आणि हातापायाच्या टोकांकडे 5. गुण जास्त म्हणजे सीटिंग जास्त. म्हणजे माझं बोट शेवटच्या बाकावर. जी शाई राहा म्हटलं तर राहिली नाही तीच आता जा म्हटलं तर सगळ्यात हळू जाणार. मी तो विचार सोडला. घीर तर घीर.

हे सगळं मी आता इतकं घोळवून सांगतीये कारण गेल्या महिन्यात माझी भाची, एकोणीस वर्षांची, नेमका असाच बेत घेऊन आली होती. तिला तिच्या आजीच्या म्हणजे माझ्या आईच्या अक्षरातला 'सावकाश' हा शब्द हवा होता, आई चिठ्ठीच्या शेवटी नेहमी लिहायची तो. आणि हवा होता मनगटावर, घडीला लागून, इतका लहान की घड्याळाखाली लपेल. मी नको म्हटलं असतं तर तिनं दुसऱ्या दिवशी जाऊन काढला असता, मी पण एकोणीस वर्षांची होतेच की कधीतरी. म्हणून आम्ही दोन उद्योग केले.

पहिला, तो शब्द मनगटाच्या मापात छापून घेतला आणि साध्या मार्करनं प्रत्येक रेघ दुप्पट जाड केली, दहा-पंधरा वर्षांनी जी होते तशी. आईचा व आधीच चिमटीत धरल्यासारखा बारीक, त्याचा डोळा पूर्ण बंद झाला. श ची वरची गाठ म्हणजे नुसता डाग. हाताच्या अंतरावरून कागद धरला तर 'सा' सोडून काही वाचता येईना. मग तेच चार बोटं रुंद करून छापलं आणि पुन्हा रेघा जाड केल्या, तर आईचं अक्षर जसंच्या तसं, तो उजवीकडे कललेला काना सुद्धा.

दुसरा, बॉलपेननं तिच्या बोटावर, मनगटावर, पावलावर, दंडावर एकेक छोटी फुली काढली आणि नुसतं बघत राहिलो. बोटावरची दुपारपर्यंत गेली. मनगटावरची घड्याळाच्या पट्ट्याखाली फासली गेली. पावलावरची मोज्याला लागली. दंडावरची दुसऱ्या दिवशी अंघोळीनंतरही पुसट का होईना होती. आता पेन वरच्या थरावर असतं आणि शाई खालच्या, त्यामुळे हे काही शास्त्र नाही, पण ती जागा दिवसभर किती राबते ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं आणि माझं लेक्चर वाचलं.

शेवटी दंडाच्या बाहेरच्या बाजूला, चार बोटं रुंद, काळ्या शाईत. त्याआधी तिनं आर्टिस्टकडे त्याच जागेवरचे पाच वर्षं जुने टॅटू दाखवा म्हणून फोटो मागितले, त्यानं आधी फोनवरचे ताजेच दाखवले, मग एका जुन्या गिऱ्हाइकाचा मागवून दाखवला, म्हणजे मागितलं तर मिळतं. एक कुरकुर मात्र तिची चालू आहे, की तिला स्वतःला तो आरशाशिवाय नीट दिसत नाही आणि आरशात बघितला तर उलटा दिसतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझी चिमणी पण मला दिसत नाहीच.

तर संपादक महोदय, पुढच्या वेळी टॅटूवर लिहाल तेव्हा मॉडेलच्या ताज्या फोटोंच्या शेजारी एक-दोन जुने, मुरलेले टॅटू पण छापा, आणि खाली नुसतं लिहा, जागा कुठली आणि वर्षं किती. फोटो कुठून आणायचे हा प्रश्न असेल तर माझी पाठ आणि माझं बोट, दोन्ही एकाच चौकटीत घ्यायला मी तयार आहे. चेहरा नको, सासूबाईंना चिमणी अजून माहीत नाही.

आपली,
एक जुनी वाचक